परसबागेतील लसूण : वेळ साधावी, बेणे राखावे

चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी व मुळातच तो न खाणारी घरे सोडली, तर महाराष्ट्रात लसणावाचून स्वयंपाक क्वचितच होतो. पिठले, ठेचा, आमटीची फोडणी, भाकरीबरोबरची सुकी चटणी या सर्वांत लसूण लागतो व तो बारमाही लागतो. एका वेळी लागणारे प्रमाण थोडे असल्यामुळे लसूण पेठेतून पावशेर-अर्धा किलो असा आणला जातो आणि त्यावर वर्षभरात किती पैसा गेला याचा हिशेब सहसा कोणी ठेवीत नाही. भाव चढला म्हणजे मात्र ही गोष्ट चांगलीच जाणवते. २०२४ च्या आरंभी देशातील अनेक शहरांत लसणाचा किरकोळ भाव किलोस ४०० रुपयांच्या वर गेला होता. अशा वेळी ज्या घरात मागील उन्हाळ्यात स्वतःच्या वाफ्यातून काढलेल्या लसणाच्या जुड्या आढ्याला टांगलेल्या असतात, त्या घराला पेठेकडे पाहावे लागत नाही.

हे पीक परसबागेत घेणे कठीण नाही. दहा चौरस मीटर म्हणजे एका खोलीएवढी जागा, सकाळ-दुपारचे ऊन आणि विहिरीचे किंवा नळाचे थोडे पाणी एवढे पुरते. तरीही पुष्कळ परसबागांत असा अनुभव येतो की, पात हिरवीगार वाढते, घरातील मंडळी आशेने वाट पाहतात आणि उपटल्यावर हाती सुपारीएवढा गड्डा लागतो. याचा दोष बहुधा जमिनीवर किंवा खतावर टाकला जातो. वास्तविक या अपयशाची दोन मुख्य कारणे लागवडीच्या दिवशीच घडून गेलेली असतात. एक, लावणीला झालेला उशीर. आणि दुसरे, हाती आले ते बेणे लावणे. पुढे कितीही पाणी व खत घातले तरी या दोन चुका भरून निघत नाहीत. म्हणून या पाठात लागवडीची सर्व कामे सांगताना वेळ व बेणे या दोन गोष्टींवर अधिक भर दिला आहे.

गड्डा कसा तयार होतो

लसणाला खरे बी धरत नाही. आपण जी कुडी लावतो ती म्हणजे आधीच्या झाडाचाच एक भाग होय. कुडीच्या आत एक लहानसा अंकुर असून त्याभोवती अन्नाचा साठा असतो. लावणीनंतर या साठ्याच्या बळावर मुळे फुटतात व पहिली पाने वर येतात. त्यानंतर पाने स्वतः अन्न तयार करू लागतात व झाड वाढते.

थंडीचे काही आठवडे अंगावरून गेले, की झाडाच्या बुडाशी पानांच्या बगलेत नव्या कुड्यांचे कोंब धरू लागतात. पुढे दिवस मोठा होऊ लागला व हवेत उष्मा आला, म्हणजे झाड नवी पाने काढणे थांबवते आणि पानांत साठलेले अन्न बुडाकडे पाठवू लागते. हाच गड्डा पोसण्याचा काळ होय. हा बदल घडतो तो थंडी, दिवसाची लांबी व वाढती उष्णता यांच्या इशाऱ्यावर. आपण कुडी ऑक्टोबरात लावली काय किंवा डिसेंबरात लावली काय, हा इशारा दोन्ही झाडांना जवळजवळ एकाच सुमारास मिळतो. फरक इतकाच की, ऑक्टोबरात लावलेल्या झाडाला तोपर्यंत भरपूर पाने आलेली असतात, तर उशिरा लावलेले झाड अजून बालवयातच असते. पाने जेवढी कमावतील तेवढेच गड्ड्यात साठते. थोड्या पानांच्या झाडाचा गड्डा लहान राहतो, याचे कारण हेच.

लागवडीची वेळ

महाराष्ट्रात लसूण हे रब्बी हंगामाचे पीक आहे. हस्ताचा पाऊस सरला, जमिनीला वाफसा आला आणि पहाटे गारवा जाणवू लागला, म्हणजे लागवडीचा काळ आला असे समजावे. १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर हा महिना सर्वांत चांगला. दसऱ्यानंतर वाफे तयार करावेत आणि दिवाळीच्या आगेमागे लावणी उरकावी, असा ढोबळ नियम घरोघर लक्षात राहण्याजोगा आहे. सण काही वर्षी लवकर व काही वर्षी उशिरा येतात; म्हणून शेवटी इंग्रजी तारखेकडे लक्ष ठेवणे बरे.

फार आधी लावण्यातही लाभ नाही. सप्टेंबरात जमीन उष्ण व ओली असते. अशा जमिनीत कुड्या सडतात आणि उगवलेल्या पातीवर करपा लवकर येतो. डिसेंबरात लावलेला लसूण पातीसाठी उपयोगी पडतो, पण त्यापासून पोसलेल्या गड्ड्याची आशा धरू नये.

देशावर, खानदेशात, मराठवाड्यात व विदर्भात हिवाळ्यातील रात्री चांगल्या थंड होतात. तेथे हे पीक चांगले साधते. कोकणपट्टीत थंडी सौम्य असल्यामुळे गड्डे लहान राहण्याचा संभव असतो. तेथे जमिनीतील ओल कमी होताच नोव्हेंबरच्या आरंभी उंच वाफ्यावर लावणी करावी आणि हिरवी पात हेही आपले एक उत्पन्न आहे असे धरून चालावे.

बेणे कोणते घ्यावे

पेठेत टपोऱ्या, पांढऱ्याशुभ्र कुड्यांचा लसूण दिसला म्हणजे तोच लावावा असा मोह होतो. येथे सावध राहणे अगत्याचे आहे. लसणाच्या सर्व जाती सर्व प्रदेशांत गड्डा धरत नाहीत. पुण्याच्या अक्षांशावर डिसेंबरअखेर दिवस सुमारे ११ तासांचा असतो आणि जूनमध्ये तो १३ तासांहून थोडा मोठा होतो. श्रीनगरला मात्र जूनमधील दिवस १४ तासांहून अधिक असतो व तेथील हिवाळाही फार कडक असतो. काश्मीर व हिमाचल प्रदेशासारख्या पहाडी भागांतील जातींना गड्डा धरण्यासाठी अशाच मोठ्या दिवसाची व कडक थंडीची गरज असते. अशी कुडी आपल्या परसात लावली, तर पात जोमाने वाढते. परंतु दिवस पुरेसा मोठा होण्यापूर्वीच आपल्याकडील उन्हाळा पाने वाळवून टाकतो आणि गड्डा धरतच नाही.

जातींची नावे पाहिली म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाने मैदानी भागासाठी यमुना सफेद व ॲग्रीफाउंड व्हाइट या जाती काढल्या आहेत, तर त्याच संस्थेची ॲग्रीफाउंड पार्वती ही मोठ्या कुड्यांची जात पहाडी भागासाठी आहे. महाराष्ट्रासाठी राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता व फुले बसवंत या जाती आणि पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार व भीमा पर्पल या जाती आहेत. श्वेता व भीमा ओंकार यांचे गड्डे पांढरे असतात. फुले बसवंत व भीमा पर्पल यांची साल जांभळट असते.

यांपैकी एखाद्या जातीचे बेणे मिळाल्यास उत्तमच. ते न मिळाल्यास आपल्याच तालुक्यात चार-पाच वर्षे लसूण घेत आलेल्या शेतकऱ्याकडून गावठी बेणे मागून आणावे. त्याची कुडी दिसायला लहान असली तरी तिला येथील दिवसमान व येथील थंडी मानवलेली असते, ही गोष्ट मोलाची आहे. पेठेतील लसूण लावावाच लागला, तर तो कोणत्या भागातून आला आहे याची व्यापाऱ्याकडे चौकशी करावी आणि पहिल्या वर्षी अर्ध्याच वाफ्यात लावून पाहावा.

बेण्याचा गड्डा घट्ट, जड व कोरडा असावा. दाबल्यास मऊ लागणारे, आत काळी बुरशी असलेले, पोचट किंवा पिवळे डाग पडलेल्या कुड्यांचे गड्डे बाजूस काढावेत. गड्डे लावणीच्या दिवशी किंवा फार तर आदल्या दिवशी फोडावेत. आठ-दहा दिवस आधी फोडून ठेवलेल्या कुड्या सुकतात व त्यांचे बूड दुखावते. फोडताना कुडीवरील पातळ साल सोलू नये. ती कुडीचे रक्षण करते.

प्रत्येक गड्ड्यात बाहेरच्या अंगाच्या कुड्या मोठ्या व आतल्या बारीक असतात. बाहेरच्या मोठ्या कुड्या लावणीसाठी घ्याव्यात. आतल्या बारीक कुड्या स्वयंपाकाला वापराव्यात किंवा पातीसाठी एका कोपऱ्यात दाट लावाव्यात. स्वयंपाकघरात नेहमी उलट घडते. सोलायला सोप्या म्हणून मोठ्या कुड्या भाजीत जातात आणि बारीक, कोणाला नकोशा झालेल्या कुड्या वाफ्यात जातात. मोठ्या कुडीत अन्नाचा साठा अधिक असल्यामुळे तिची पहिली पाने रुंद येतात व पुढची सर्व वाढ त्यावर अवलंबून असते. म्हणून बेण्याची निवड घरातील सर्वांच्या विचाराने, विशेषतः स्वयंपाक पाहणाऱ्या गृहिणीच्या हाताने व्हावी.

जमीन व वाफे

मध्यम काळी, भुसभुशीत व पाण्याचा निचरा होणारी जमीन लसणास मानवते. भारी चिकण जमिनीत गड्डे वेडेवाकडे होतात व काढताना तुटतात. अशा जमिनीत शेणखत व थोडी वाळू मिसळावी. जागा निवडताना दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल असे पाहावे. आंबा, चिंच अशा मोठ्या झाडांची सावली टाळावी. न्हाणीचे साबण-सोड्याचे पाणी जेथे मुरते तेथे केळी किंवा अळू शोभते, लसूण तेथे लावू नये.

ज्या जागेत मागील हंगामात कांदा किंवा लसूण होता, तेथे पुन्हा लसूण घेऊ नये. त्यांचे रोग एकच असतात व जमिनीत टिकून राहतात. गवार, घेवडा किंवा मेथी निघालेला वाफा लसणास चांगला.

जमीन कुदळीने वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत व काडीकचरा वेचून काढावा. नंतर एक मीटर रुंद व पाच मीटर लांब असे दोन वाफे आखावेत. रुंदी एवढीच ठेवल्यास दोन्ही बाजूंनी हात पोचतो व खुरपणीच्या वेळी वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. जेथे पाणी साचण्याची भीती आहे, तेथे वाफा बोटभर-दोन बोटे उंच करावा.

खते

दोन्ही वाफ्यांस मिळून २० किलो चांगले कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावे. अर्धवट कुजलेले खत घातल्यास वाळवी व हुमणी यांचा उपद्रव होतो. ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिळाल्यास ती शेणखतात मिसळून द्यावी. कुड्यांची सड कमी होते.

ज्यांना वरखत द्यावयाचे आहे, त्यांनी दहा चौरस मीटरला लावणीच्या वेळी ३०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट, ८० ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश व ११० ग्रॅम युरिया मातीत नीट मिसळून द्यावा. लावणीनंतर एका महिन्याने आणखी ११० ग्रॅम युरिया ओळींमधून देऊन लगेच पाणी सोडावे. सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरदाबरोबर गंधकही असते आणि लसणाचा उग्र वास व तिखटपणा गंधकयुक्त द्रव्यांमुळेच येतो. म्हणून या पिकास ते खत विशेष मानवते.

दीड महिन्यानंतर युरिया देऊ नये. पात फिकी दिसली की मूठभर युरिया फेकण्याची पुष्कळांना सवय असते. उशिरा दिलेल्या नत्रामुळे गड्डा पोसण्याऐवजी कुड्यांना नवे कोंब फुटतात, मान जाड राहते आणि असा लसूण साठवणीत टिकत नाही.

लावणी

वाफा आदल्या दिवशी हलका ओलवून घ्यावा. दोन ओळींत १५ सेंटिमीटर व दोन कुड्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवावे. या हिशेबाने दोन्ही वाफ्यांत सुमारे ६६० कुड्या बसतात. अंतर सारखे राहण्यासाठी सुतळी ताणून खुरप्याने उथळ रेघा पाडाव्यात.

कुडीचे चपटे बूड खाली व निमुळते टोक वर अशी ती उभी टोकावी आणि टोकावर सुमारे दोन सेंटिमीटर माती येईल एवढी खोल ठेवावी. उलटी पडलेली कुडीही उगवते, पण तिचा अंकुर वळसा घेऊन वर येतो, बळ वाया जाते व गड्डा वाकडा होतो. कुड्या मुठीने फेकून वरून माती ओढण्याची रीत मोठ्या शेतात मजुरी वाचविण्यासाठी ठीक असेल. परसबागेत एकेक कुडी हाताने लावणेच योग्य. साडेसहाशे कुड्यांना दोन माणसांची एक सकाळ पुरते.

लावणीनंतर लगेच हलके पाणी द्यावे. पाण्याचा लोट जोराचा असल्यास कुड्या उघड्या पडतात, म्हणून पहिले पाणी झारीने देणे बरे. साधारण आठ ते पंधरा दिवसांत उगवण होते. ज्या जागा रिकाम्या राहतील तेथे राखून ठेवलेल्या कुड्या लगेच लावाव्यात.

पाणी व निगा

दुसरे पाणी तिसऱ्या-चौथ्या दिवशी द्यावे. पुढे जमीन हलकी असल्यास सात-आठ दिवसांनी व भारी असल्यास दहा-बारा दिवसांनी द्यावे. लसणाची मुळे वरच्या थरातच पसरतात, म्हणून थोडे पण नियमित पाणी हितावह असते. वाफा बरेच दिवस कोरडा ठेवून एकदम भरपूर पाणी दिल्यास गड्डे फुटतात. जानेवारी-फेब्रुवारीत, गड्डा पोसत असताना, पाण्याचा ताण बिलकुल पडू देऊ नये.

लसणाची पात अरुंद व उभी असल्यामुळे ती जमीन झाकत नाही आणि तणांना मोकळे रान मिळते. लावणीनंतर एक महिन्याने पहिली व दीड-दोन महिन्यांनी दुसरी खुरपणी करावी. खुरपे वरवरच चालवावे. गड्डा धरू लागल्यावर माती हलवू नये. त्यानंतर तण हाताने उपटावे. ओळींमध्ये भाताचा पेंढा किंवा गव्हाचा भुसा यांचा पातळ थर पसरल्यास तण कमी येते व ओल टिकते. मात्र जेथे वाळवी आहे तेथे हा उपाय करू नये.

हिरव्या पातीसाठी सर्व झाडे ओरबाडणे हे या पिकाचे मोठे नुकसान आहे. प्रत्येक पान गड्ड्यासाठी अन्न तयार करीत असते. पात हवी असल्यास बारीक कुड्यांचा दाट लावलेला कोपरा त्यासाठीच ठेवावा व मुख्य वाफ्यास हात लावू नये.

रोग व किडी

पानांवर रुपेरी पांढरे ठिपके दिसून पाने वाकडी होऊ लागली, तर पानांच्या बेचक्यात फुलकिडे आहेत असे समजावे. हे किडे फार लहान व पिवळसर असून ते पानांतील रस शोषतात. कोरड्या, उबदार हवेत त्यांची वाढ होते. प्रारंभीच निंबोळी अर्क फवारावा. त्यासाठी ५० ग्रॅम निंबोळ्यांची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी फडक्यातून गाळून घ्यावी. फवारा पानांच्या बेचक्यात पोचला पाहिजे.

ढगाळ व दमट हवेत पानांवर जांभळट मध्य असलेले लांबट चट्टे पडतात. हा जांभळा करपा होय. पहिली रोगट पाने दिसताच काढून जाळावीत, पाणी सकाळी द्यावे व ते पानांवर उडवू नये. रोग पसरू लागल्यास औषधाविषयी गावच्या कृषी कर्मचाऱ्याचा सल्ला घ्यावा आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी हेही त्यांस विचारावे.

काही झाडे मात्र वेगळी दिसतात. त्यांच्या पानांवर पिवळे-हिरवे लांब पट्टे असतात किंवा पाने पिळवटलेली असतात व झाड खुरटे राहते. पट्टे पडतात ते विषाणूंमुळे, आणि पाने पिळवटण्याचे एक कारण डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म कोळी हे असते. हे दोन्ही विकार बेण्यातून एका वर्षाचे दुसऱ्या वर्षाला जातात. लसूण कुडीपासूनच वाढत असल्यामुळे आईचा रोग लेकीला चुकत नाही. म्हणून जानेवारीत वाफ्याजवळ शांतपणे उभे राहून अशी झाडे हुडकावीत व ती उपटून टाकावीत; त्यांचे गड्डे बेण्यात येऊ देऊ नयेत.

काढणी व सुकवणी

लावणीपासून साधारण चार ते पाच महिन्यांत, म्हणजे मार्चच्या सुमारास, पाने पिवळी पडून वाळू लागतात व माना लवतात. त्यापूर्वी दोन-तीन आठवडे पाणी तोडावे. निम्म्याहून अधिक पाने वाळली म्हणजे दोन-चार झाडे उपटून पाहावीत. कुड्या भरलेल्या व वरचे वेष्टन अखंड असल्यास काढणी करावी. सर्व पात पूर्ण वाळण्याची वाट पाहत बसल्यास वेष्टन कुजते, कुड्या सुट्या होतात व अर्धे गड्डे मातीतच राहतात. जमीन घट्ट असेल तर खुरप्याने सैल करून गड्डे पातीसह उचलावेत.

काढलेला लसूण दोन-तीन दिवस वाफ्यावरच ओळीने ठेवावा. एका ओळीच्या पातीने दुसऱ्या ओळीचे गड्डे झाकले जातील अशी मांडणी करावी, म्हणजे गड्ड्यांना उन्हाचा चटका बसत नाही. नंतर पडवीत किंवा झाडाच्या सावलीत आठ-दहा दिवस वाळवावा. मान सुकून कागदासारखी झाली, की मुळे कापून वीस-पंचवीस गड्ड्यांच्या जुड्या बांधाव्यात किंवा पातीच्या वेण्या घालाव्यात व हवेशीर, कोरड्या जागी टांगाव्यात. जुन्या घरांत या जुड्या चुलीवरच्या आढ्याला टांगण्याची चाल होती. तेथील उबदार, कोरड्या हवेत पावसाळ्यातही लसूण चांगला राहत असे. गॅसची शेगडी आलेल्या घरांत वारा खेळणारी खिडकीजवळची जागा निवडावी. बंद डबा, प्लॅस्टिकची पिशवी व शीतकपाट ही तिन्ही टाळावीत. शीतकपाटातील गारव्याने कुड्यांना लवकर कोंब फुटतात.

पुढील वर्षाचे शंभर गड्डे

आता या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग. काढणीच्या दिवशीच बेण्याचे गड्डे वेगळे करावेत. हा हिशेब सोपा आहे. ६६० कुड्या लावल्या, त्यांपैकी ६०० झाडे टिकली व वाळलेला गड्डा सरासरी १५ ग्रॅमचा धरला, तर ९ किलो लसूण होतो. पाच माणसांच्या घरास महिन्याला अर्धा किलो लागतो असे मानल्यास वर्षाला ६ किलो पुरतात. पुढील लागवडीसाठी पुन्हा ६६० मोठ्या कुड्या हव्यात. एका चांगल्या गड्ड्यातून आठ मोठ्या कुड्या मिळाल्या, तर ८३ गड्डे लागतात. साठवणीत थोडे खराब होणार हे धरून शंभर गड्डे राखावेत. निवडलेला गड्डा २० ग्रॅमचा धरल्यास हे बेणे दोन किलो भरते. घरखर्चास सात किलो उरतात, म्हणजे वर्षाची गरज भागून थोडे शिल्लकच.

हे शंभर गड्डे सर्वांत मोठे, एकसारखे, घट्ट व निरोगी झाडांचेच असावेत. त्यांच्या जुड्यांना रंगीत चिंधी बांधून त्या निराळ्या खुंटीला टांगाव्यात. श्रावण-भाद्रपदात पेठेत लसूण महागला म्हणजे या जुड्यांकडे हात जातो. तेव्हा ही चिंधी पाहून तो मागे यावा, एवढाच तिचा हेतू. बेणे खाल्ले की पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा पेठेतील अनोळखी लसूण लावावा लागतो व निवडीचे सर्व श्रम वाया जातात. याउलट, दरवर्षी शंभर उत्तम गड्डे राखले, तर तीन-चार वर्षांत घरचे बेणे निरोगी व एकसारखे होते.

एककळी लसणाविषयी

काही वेळा उपटलेल्या झाडाच्या बुडाशी कुड्यांऐवजी एकच गोल, न विभागलेली गाठ सापडते. पेठेत असा एककळी लसूण चढ्या भावाने विकला जातो, म्हणून परसबागेत तो निघाला की नवल वाटते. फार बारीक कुडी, उशिरा झालेली लावणी किंवा अपुरी थंडी यांमुळे झाड कुड्या पाडण्याइतके वाढू शकले नाही, एवढाच सामान्यतः त्याचा अर्थ. वाफ्यात अशा गाठी पुष्कळ निघाल्या, तर पुढील वर्षी लावणी लवकर करावी व कुड्या मोठ्या निवडाव्यात. ही गाठ वेळेवर लावल्यास तिच्यापासून पुन्हा नेहमीसारखा कुड्यांचा गड्डा तयार होऊ शकतो.

जागा नसेल तर

शहरात राहणाऱ्यांनी वीतभर खोल कुंडी, लाकडी खोके किंवा बुडाला भोके पाडलेला तेलाचा डबा घ्यावा. माती व कुजलेले शेणखत समभाग घेऊन त्यात थोडी वाळू मिसळावी. कुड्या दहा-दहा सेंटिमीटरवर लावाव्यात. कुंडीतील माती लवकर सुकते, म्हणून बोट खुपसून ओल पाहावी व मगच पाणी द्यावे. गच्चीतील अशा पाच-सहा कुंड्यांतून वर्षाची गरज भागणार नाही. पण ताजी पात व पुढील वर्षासाठी खात्रीचे थोडे बेणे निश्चित मिळेल.

कामांचे वेळापत्रक

सप्टेंबर : जागा ठरवावी. बेणे मिळवावे किंवा घरचे बेणे तपासून खराब गड्डे काढावेत.
ऑक्टोबर : खणणी, शेणखत व वाफे. १५ तारखेनंतर लावणीस आरंभ.
नोव्हेंबर : १५ तारखेपर्यंत लावणी पूर्ण. नांगे भरणे.
डिसेंबर : पहिली खुरपणी व युरियाचा दुसरा हप्ता. फुलकिड्यांवर लक्ष.
जानेवारी : दुसरी खुरपणी. रोगट झाडे उपटणे.
फेब्रुवारी : नियमित पाणी. माती हलवू नये. महिनाअखेरीस पिकाचा रंग पाहून पाणी कमी करावे.
मार्च : पाणी तोडणे, काढणी, सुकवणी व शंभर गड्ड्यांची निवड.
एप्रिल ते सप्टेंबर : महिन्यातून एकदा जुड्या पाहून नासलेले गड्डे काढणे.

करून पाहण्याजोगा प्रयोग

वर सांगितलेले कोणी ऐकीव म्हणून मानू नये; आपल्याच वाफ्यात ते पडताळून पाहावे. वाफ्याच्या एका टोकाला तीन ओळी वेगळ्या ठेवाव्यात व प्रत्येक ओळीत दहाच कुड्या लावाव्यात. पहिल्या ओळीत मोठ्या कुड्या ऑक्टोबरअखेरीस, दुसऱ्या ओळीत त्याच दिवशी बारीक कुड्या आणि तिसऱ्या ओळीत मोठ्या कुड्या डिसेंबरअखेरीस लावाव्यात. तिन्ही ओळींना खत-पाणी सारखेच द्यावे. प्रत्येक ओळीच्या टोकाला खुंटी ठोकून तीवर लावणीची तारीख लिहावी. जी ओळ जेव्हा तयार होईल तेव्हा ती काढून सुकवावी व तिच्या दहा गड्ड्यांचे वजन वहीत टिपून ठेवावे.

शाळेतील मुलांकडे हे काम सोपवल्यास ती ते आवडीने करतील व शेजारच्या चार घरांना दाखवतील. तीन ओळींच्या वजनांतील फरक एकदा डोळ्यांनी पाहिला, म्हणजे पुढील मार्चमध्ये रंगीत चिंधीच्या जुड्या बांधण्यास कोणालाही वेगळे सांगावे लागणार नाही.